लग्नाची अंगठी: वाचकांचे प्रश्न

साखरपुड्याची अंगठी डाव्या अनामिकेतच घाला, तिथून शीर थेट हृदयाला जाते, असं फोटोग्राफर सांगतात. गुरुजी उजवा हात म्हणतात. घरात वाद सुरू झालाय. कोणाचं ऐकू? (नाशिक)

शिरेची गोष्ट खूप जुनी आहे. दुसऱ्या शतकातल्या ऑलस गेलियस या रोमन लेखकाने लिहून ठेवलंय की, इजिप्तमध्ये प्रेतं उघडून पाहताना डाव्या अनामिकेपासून हृदयापर्यंत जाणारा एक नाजूक मज्जातंतू सापडला. पुढच्या लेखकांनी त्या तंतूची रक्तवाहिनी केली आणि तिला प्रेमाची शीर म्हणू लागले. शरीरशास्त्रात अशी खास शीर नाही.

हाताबद्दल तर ख्रिस्ती युरोपातही कधी एकमत नव्हतं. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये अंगठी वधूच्या उजव्या हातात जायची. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचं नाव घेत वर ती आधी अंगठ्याला, मग तर्जनीला, मग मध्यमेला लावायचा आणि ‘आमेन’ म्हणताना अनामिकेत सरकवायचा. १५४९च्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकाने तिथे डावा हात ठरवला. रशियात, पोलंडमध्ये, जर्मनीत आजही उजवाच हात चालतो. आपल्याकडे धर्मकार्यात दर्भाचं पवित्रक उजव्या अनामिकेत घालतात, गुरुजींच्या मनात बहुधा तेच असावं. यात चूक कोणाचीच नाही. रोजच्या कामात ज्या हाताला अंगठी अडणार नाही तो हात निवडा, आणि हे तुमचं तुम्हीच ठरवा.

आम्ही नोंदणी पद्धतीने लग्न करतोय. अंगठ्या नसल्या तर अडेल का? (ठाणे)

नाही. १९५४च्या विशेष विवाह कायद्यात अंगठीची अट नाही. विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर तुम्ही दोघांनी एकमेकांचा स्वीकार केल्याचं उच्चारणं आणि सह्या करणं महत्त्वाचं.

नवऱ्याच्या पणजीची एक अंगठी आमच्याकडे आली आहे. लोखंडाची आहे, वर जर्मन अक्षरं आणि १९१४ हे साल. सासूबाई म्हणतात, ही तिची लग्नाची अंगठी. लोखंडाची कशी असेल? (व्हिएन्ना)

अक्षरांचा अर्थ ‘लोखंडासाठी मी सोनं दिलं’ असा लागत असेल, तर तुमच्या हातात फार मोलाची वस्तू आहे. १८१३मध्ये नेपोलियनविरुद्धच्या युद्धासाठी प्रशिया या जर्मन राज्याच्या राजघराण्यातल्या स्त्रियांनी सोनं देण्याचं आवाहन केलं. बायकांनी दागिने दिले, लग्नाच्या अंगठ्याही दिल्या, आणि बदल्यात लोखंडी दागिने घेतले. मग लोखंड घालणं हाच मान झाला. पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर ऑस्ट्रियात तेच आवाहन पुन्हा झालं. त्यामुळे तुमच्याकडची अंगठी लग्नात घातलेली नसून, लग्नाची सोन्याची अंगठी देऊन तिच्या जागी मिळालेली असण्याची शक्यता जास्त.

इटलीत हे १९३५ साली घडलं. मुसोलिनीने इथिओपियावर हल्ला केला, राष्ट्रसंघ या तेव्हाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने आर्थिक निर्बंध लादले, आणि १८ डिसेंबरला राणी एलेनाने रोममधल्या अज्ञात सैनिकाच्या समाधीपाशी आपली लग्नाची अंगठी दिली. तिच्यामागून असंख्य बायका रांगेत आल्या आणि पोलादी अंगठ्या घालून घरी गेल्या. दोन माणसांनी एकमेकांना दिलेलं वचन सरकारने दुसऱ्या देशावरच्या आक्रमणासाठी मागून घ्यावं, याचा मला आजही संताप येतो.

तशी लोखंडाची अंगठी विवाहाला परकी नाही. पहिल्या शतकातला रोमन लेखक थोरला प्लिनी सांगतो की, त्याच्या काळीही वाग्दत्त वधूला बिनखड्याची लोखंडी अंगठी पाठवत.

एक विनंती. पणजीच्या अंगठीला पॉलिश करू नका, सोन्याचं पाणी तर मुळीच देऊ नका. सिलिका जेलच्या पुडीसोबत कोरड्या डबीत ठेवा. आणि पणजीबद्दल सासूबाईंना जे काही आठवतं ते आत्ताच लिहून घ्या.

मुलाच्या साखरपुड्यासाठी सराफ हिऱ्याचीच अंगठी सुचवतोय. ‘हीच परंपरा’ म्हणतो. आमचं बजेट ताणलं जातंय. (सोलापूर)

ही परंपरा राजघराण्यांची, आणि नंतर जाहिरातीची. ऑस्ट्रियाच्या माक्सिमिलियनने १४७७ साली बरगंडीच्या मेरीला हिऱ्याची अंगठी दिली, पण ती राजघराण्यातली माणसं होती. सामान्य घरांत हिरा जाण्यामागे डी बीअर्स या हिऱ्यांच्या कंपनीच्या जाहिरातींचा मोठा हात आहे. ‘हिरा कायमचा’ हे तिचं प्रसिद्ध वाक्य फ्रान्सिस गेरेटी या जाहिरात लेखिकेने १९४७ साली लिहिलं. जपानमध्ये १९६७ साली शंभरातल्या पाच वधूंनाही हिऱ्याची अंगठी मिळत नव्हती. जाहिरातींनंतर १९८१पर्यंत साधारण साठ जणींना मिळू लागली. म्हणजे परंपरा घडायला १४ वर्षं पुरली.

ज्यू धर्मातला रिवाज मला याहून जवळचा वाटतो. तिथे विवाहाची अंगठी बिनखड्याची असते, कारण खड्याची किंमत वधूला कळत नाही आणि तिची फसगत होऊ शकते. अंगठी वराच्या स्वतःच्या मालकीची हवी, हीसुद्धा अट. मागून आणलेली चालत नाही.

तेव्हा कर्ज काढू नका. हॉलमार्कचं साधं सोन्याचं वळं घ्या, मापाला होणाऱ्या सुनेला सोबत न्या, आणि तिला खडा हवा आहे का, हे सराफाला नाही, तिलाच विचारा.