पॉवर सप्लायच्या वायरींवर स्लीव्ह चढवण्यापूर्वी

कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायच्या वायरींवर स्लीव्ह, म्हणजे विणलेली जाळीदार नळी, चढवायची असेल तर पहिल्याच प्रयत्नात मूळ केबलला हात लावू नये. २४ पिनची एखादी स्वस्त एक्स्टेन्शन केबल घेऊन तिच्यावर हात बसू द्यावा. कनेक्टरमधली प्रत्येक पिन दोन बारीक पाकळ्यांनी आत अडकलेली असते. एक्स्ट्रॅक्टर (पिन काढण्याचे हत्यार) घालण्यापूर्वी वायर किंचित पुढे ढकलली, की पाकळ्यांवरचा ताण सुटतो आणि पिन अलगद बाहेर येते. मी सुरुवातीला नुसताच जोर लावत बसलो आणि तीन वायरी पिनांपासून उपटून घेतल्या. बाहेर काढलेल्या पिनेच्या पाकळ्या सुईने पुन्हा उचलायला विसरू नका, नाहीतर कनेक्टर लावताना ती पिन मागे सरकते.

वायर एका वेळी एकच काढावी. २० क्रमांकाची जागा आजच्या केबलमध्ये रिकामी असते, तर मूळ केबलमध्ये काही ठिकाणी एकाच पिनेत दोन वायरी दाबलेल्या आढळतात. म्हणून आधी फोटो काढून ठेवावा. मॉड्युलर केबलच्या, म्हणजे सप्लायपासून सुटी होणाऱ्या केबलच्या, सप्लायकडच्या टोकाची पिनरचना कंपनीगणिक, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही, वेगळी असते. तिथे अंदाज चुकला तर थेट हार्ड डिस्क जळू शकते.

१८ गेजच्या वायरीला ४ मिलिमीटरची स्लीव्ह पुरते. तिचे टोक जरासे वितळवून, ती ताणून धरूनच हीटश्रिंक (उष्णतेने आवळणारी नळी) तापवावी. सैल राहिलेल्या स्लीव्हमधून वळणावर आतली पिवळी वायर डोकावते. जोडणीपूर्वी मल्टिमीटरने प्रत्येक वायर टोकापासून टोकापर्यंत तपासावी.