‘बापावर गेलाय’ हे त्याच्या कानावर पडू देऊ नका

ताई, माझे मिस्टर पतसंस्थेत मॅनेजर होते. ठेवीदारांच्या पैशांच्या प्रकरणात दीड वर्षापासून कोल्हापूरला कळंबा जेलमध्ये आहेत, जामीन झालेला नाही. मुलगा नववीत, मुलगी तिसरीत. दोघांना सांगितलंय की बाबा सुरतेला कामाला आहेत. मुलगा आधी शांत होता. पेपरात बातमी आली त्या आठवड्यात शाळेत मारामारी केली, क्रिकेटवरून म्हणे. मग क्लासला दांड्या सुरू झाल्या. परवा माझ्या पर्समधून पाचशे रुपये काढले. विचारलं की दार आपटून गच्चीवर जातो. बहिणीला मात्र ‘बाबा दिवाळीला येतील’ म्हणून समजावतो. सासूबाई म्हणतात, बापावर गेलाय, होस्टेलला टाक. तो हाताबाहेर जाईल का?
— एक आई, सांगली जिल्हा

ताई,

पत्रातल्या दोन गोष्टी तुम्ही जाता जाता लिहिल्यात, पण मला त्याच सगळ्यात महत्त्वाच्या वाटतात. बातमी आली त्याच आठवड्यात मारामारी झाली. आणि तो बहिणीला ‘बाबा दिवाळीला येतील’ म्हणतो. त्याला सगळं माहीत आहे, ताई. नववीतल्या मुलाच्या हातात मोबाइल असतो, वर्गाचा ग्रुप असतो, गावात तोंडं असतात. तुम्ही त्याच्यापासून लपवताय, तो तुमच्यापासून लपवतोय की आपल्याला कळलंय, आणि वर तुमचंच खोटं बहिणीपुढे सांभाळतोय. चौदा वर्षांच्या पोराला हे ओझं फार होतं. या वयात लाज वाटते हे कबूल करणं जड जातं, राग काढणं सोपं जातं. म्हणून दार आपटलं जातं.

इंग्लंडमध्ये मरे आणि फॅरिंग्टन या संशोधकांनी 1953च्या सुमारास जन्मलेल्या, लंडनच्या कामगार वस्तीतल्या 411 मुलांच्या आयुष्याची माहिती तपासली. आईवडिलांपासून दुरावलेली मुलं त्यात बरीच होती. कुणी आजारपणामुळे, कुणी घरातल्या भांडणांमुळे. पण तुरुंगामुळे दुरावलेल्यांना पुढे जास्त त्रास झाला. म्हणजे नुसतं ‘बाप घरात नाही’ एवढंच कारण पुरत नाही. स्वीडनमधल्या त्याच काळातल्या मुलांशी तुलना केली, तर तिथे पालकांची गुन्हेगारी हिशेबात धरल्यावर तुरुंगवासाचा वेगळा परिणाम दिसला नाही. तिथल्या शिक्षा लहान होत्या, तुरुंगांची धोरणं कुटुंबाला धरून होती, लोकांची नजरही कमी कठोर होती, ही संभाव्य कारणं त्यांनी मांडली. म्हणजे भोवतालचे लोक कसे वागतात त्यानेही फरक पडू शकतो. सासूबाईंना हे आकडे सांगू नका. एवढंच सांगा की मुलाच्या वागण्याचं खापर रक्तावर फोडायचं नाही, आणि ‘बापावर गेलाय’ हे वाक्य या घरात पुन्हा बोलायचं नाही. मोठ्यांसमोर बोलणं अवघड जातं, मला कल्पना आहे. पण इथे मी तुम्हाला जराही मागे हटू नका असंच सांगेन. रोज हे ऐकणारं पोर एक दिवस म्हणतं, बरं, मग तसंच.

आता खरं सांगायचं. समोरासमोर बसवून नको, गाडीवरून जाताना किंवा भाजी निवडताना सांगा. ‘बाबा सुरतेला नाहीत, जेलमध्ये आहेत. तुला कळलंय हे मला माहितेय. पतसंस्थेच्या पैशांत त्यांनी फसवणूक केली असा आरोप आहे. खरं काय ते कोर्ट ठरवेल. कधी सुटतील मला माहीत नाही. यात तुझी काही चूक नाही, आणि धाकटीला सांभाळून घेण्याचं काम यापुढे तुझं नाही, माझं आहे.’ बाबा निर्दोष आहेत असं तुम्हाला खात्रीने माहीत नसेल तर म्हणू नका. ते वाईट आहेत असंही म्हणू नका. तो चिडेल, कदाचित ‘इतके दिवस खोटं का बोललीस’ विचारेल. भीती वाटत होती, असं खरं उत्तर द्या. धाकटीलाही त्याच आठवड्यात, तिच्या वयाला झेपेल एवढं सांगा.

पाचशे रुपयांचं सोडून देऊ नका. कशाला लागले ते विचारा आणि खाऊच्या पैशांतून थोडे थोडे वळते करून घ्या. हिशेब पैशांचाच राहू दे, त्यात वडिलांचं नाव येऊ देऊ नका.

शाळेतल्या शिक्षकांपैकी ज्यांच्यावर विश्वास बसतो अशा एकाच व्यक्तीला जाऊन भेटा. वर्गासमोर ‘वडील काय करतात’ विचारू नये, पालकांची सही लागेल तिथे आईची चालावी, आणि कुणी चिडवलं तर तुम्हाला फोन यावा, एवढंच मागा.

मुलाखतीला, म्हणजे जेलमधल्या भेटीला, ओढून नेऊ नका. आधी पत्र लिहू दे, मग त्या जेलमध्ये सोय असेल तर व्हिडिओवरची ई-मुलाखत. प्रत्यक्ष जायचं त्याने ठरवलं तर काय दिसेल ते आधी सांगून ठेवा: रांग, झडती, मोबाइल बाहेर ठेवणं, मधली काच किंवा जाळी, इंटरकॉमवरून बोलणं, आणि बोलता बोलता संपणारी वेळ. बाबा बारीक झालेले दिसतील हेही सांगा. महाराष्ट्रातल्या काही तुरुंगांत मुलांसाठी ‘गळाभेट’ नावाचा उपक्रम होतो, त्यात मध्ये काच नसते. कच्च्या, म्हणजे अजून शिक्षा न झालेल्या, कैद्यांच्या मुलांना त्यात घेतात का, हे तिथल्या अधिकाऱ्यांना विचारा.

होस्टेल आत्ता नको. वडील गेले, आता आईनेही बाहेर काढलं, असंच त्याला वाटेल. त्याने स्वतः मागितलं तर गोष्ट वेगळी. झोप उडाली, जेवण तुटलं, नशेचा वास आला किंवा ‘जगून काय उपयोग’ असं काही बोलला, तर मात्र थांबू नका; 14416 या टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या क्रमांकावर फोन करा, मराठीतून बोलता येतं.

आणि पैशांची ओढाताण तुम्ही लिहिली नाहीत, पण ती असणार. राज्याच्या बालसंगोपन योजनेत तुरुंगात असलेल्या पालकांच्या मुलांनाही मदत मिळते, एका मुलामागे दरमहा 2,250 रुपये. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करायचा. दोघांचेही अर्ज याच महिन्यात भरा. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर 15100 वर फोन करा, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळू शकतो.