नियमाचे दोन अर्थ निघतात तेव्हा

"स्टँडर्डमध्येच स्पष्ट नाहीये, मग मी लिहिलंय ते बरोबर की चूक?" सी या प्रोग्रॅमिंग भाषेत काम करणारी मुलं-मुली माझ्याकडे येतात ती झोप उडाल्याची, चिडचिडीची तक्रार घेऊन. थोडं बोलतं केलं की हा प्रश्न बाहेर पडतो. स्टँडर्ड म्हणजे भाषेच्या अधिकृत नियमांचा दस्तऐवज. समुपदेशनात येण्याआधी मीही सी लिहिलंय, त्यामुळे त्यांना माझ्यापाशी तपशिलात शिरता येतं.

अशाच एकाची गोष्ट, ओळख बदलून सांगते. त्याचा ॲरे, म्हणजे मेमरीतल्या घरांची रांग, ४ ओळींचा, दर ओळीत ५ घरं. बेरजेसाठी त्यानं पहिल्या घराचा पॉइंटर (घराचा पत्ता) घेतला आणि सरळ २० घरं पुढे नेला. कोडच्या रिव्ह्यूत सीनियरनं शेरा मारला : अनडिफाइन्ड बिहेवियर, म्हणजे असं केल्यावर काय होईल याची स्टँडर्ड काहीच हमी देत नाही. तेव्हापासून हा रात्र रात्र स्टँडर्ड उघडून बसायचा.

"मॅडम, मेमरीत वीसच्या वीस घरं सलग आहेत. मग चुकलं कुठे?"

मी कागद पुढे केला. त्यानं चौकटी आखल्या. म्हटलं, शून्यापासून मोज आणि ओळ १ मधलं घर ७ दाखव. त्याचं बोट ओळीबाहेर सरकलं आणि ओळ २, घर २ वर थांबलं.

तो म्हणाला, "घर तर आहे. पण सी ९९ च्या, म्हणजे १९९९ च्या स्टँडर्डच्या, परिशिष्ट जे मध्ये नेमकं हेच उदाहरण अनडिफाइन्ड म्हणून दिलंय. ते परिशिष्ट माहितीपुरतं, बंधनकारक नाही. बंधनकारक आहे कलम ६.५.६. ते म्हणतं, पॉइंटर ॲरेच्या आत हवा, फार तर शेवटच्या घराच्या एक पुढे. पण कुठला ॲरे? पाचाचा की विसाचा?"

"तुला काय वाटतं?"

"पाचाचा... नाही, दोन्ही अर्थ लागतात."

"लागू देत. त्यानं तुझं काय बिघडतं?"

तो गप्प झाला. मग म्हणाला, "एकच अर्थ लावता आला नाही तर मी कसला इंजिनिअर?"

गाठ इथे होती. माझी बैठक विवेकनिष्ठ विचारांची, म्हणजे घटनेपेक्षा तिच्याबद्दलचा आपला हट्ट जास्त छळतो असं मानणारी, आणि अशा वेळी ती किती उपयोगी पडते हे मी पुन्हा पुन्हा पाहते. नियम संदिग्ध होता हे खरं, पण त्याची झोप उडवली होती ती 'मला नक्की कळलंच पाहिजे' या हट्टानं. हट्ट सैल झाला आणि उत्तर त्यालाच सुचलं : "म्हणजे कुठल्याही अर्थानं बरोबर ठरेल असं लिहायचं!" ओळीसाठी एक लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करणारा कोड), घरासाठी त्याच्या आत दुसरा. किंवा मुळातच २० घरांचा एकपदरी ॲरे घ्यायचा आणि ओळ गुणिले ५ अधिक घर असा हिशेब करायचा. वाद उरतच नाही.

तुम्ही याच फेऱ्यात असाल तर आधी स्पष्ट काय आहे ते बाजूला काढा. शेवटच्या घराच्या एक पुढचा पॉइंटर बनवता येतो, तिथलं वाचता येत नाही; यात शंका नाही. 'आजवर चाललं' यावर मात्र विसंबू नका, कारण कंपायलर (कोड यंत्राच्या भाषेत आणणारा प्रोग्रॅम) कडक अर्थ, म्हणजे पाचाचाच ॲरे, धरून कोड वेगवान करायला मोकळा असतो. स्ट्रक्चरच्या (वेगवेगळ्या माहितीच्या एकत्र गठ्ठ्याच्या) शेवटी एका घराचा ॲरे ठेवून जास्त मेमरी वापरायची युक्तीही अशीच वादात होती. अखेर सी ९९ मध्ये त्यासाठी फ्लेक्सिबल ॲरे मेंबरची, म्हणजे शेवटी लांबी न ठरवलेल्या ॲरेची, स्वतंत्र सोय करावी लागली. स्टँडर्ड लिहिणाऱ्या समितीला जिथे नवा नियम लिहावा लागला, तिथे एकट्यानं जागून निकाल लावण्याचं ओझं कशाला घ्यायचं? रिव्ह्यूत "माझं चुकलं का?" विचारण्यापेक्षा "तुम्ही कुठला ॲरे धरताय?" असं विचारा. त्यानं तेच विचारलं, आणि दोघांनी मिळून तो लूप बदलला.