क्राऊन-पिनियन बदललंय, पण कितीचं?

प्रश्न : गेल्या वर्षी जुनी पिकअप घेतली. क्राऊन-पिनियन (मागच्या एक्सलमधलं मोठं दातेरी चाक आणि त्याला फिरवणारं छोटं) एकदा बदललं होतं, एवढंच आधीच्या मालकाला आठवतं. आंब्याच्या पेट्या भरून चिपळूणहून कराडला निघालो की कुंभार्ली घाटात गाडी तिसऱ्यावर दम टाकते, दुसरा टाकावाच लागतो. मोबाइल ६० दाखवतो तेव्हा मीटरचा काटा ५५ वर असतो. गाडीच्या पुस्तकात मागच्या एक्सलचा रेशो ४.१ दिलाय. आत नक्की काय बसवलंय, हे हौसिंग, म्हणजे त्यावरचं कवच, न उघडता कळेल का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : कळेल. खडू आणि एक माणूस सोबतीला घ्या.

क्राऊनच्या दात्यांना पिनियनच्या दात्यांनी भागलं की रेशो निघतो. दहा-एक्केचाळीसची जोडी म्हणजे ४.१, अकरा-एक्केचाळीसची ३.७३. मला तुमच्या गाडीत ही अकरा-एक्केचाळीसची जोडी असल्याचा संशय येतो. मीटरची केबल गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला असते. तिथून पुढे रेशो कमी झाला की तेवढ्याच वेगाला प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलला जाणारा दांडा) कमी फिरतो आणि काटा मागे राहतो. ६० ला ५५ हे गणित जवळजवळ तंतोतंत जुळतं. पण मोठे टायर घातले तरी हेच होतं, म्हणून मोजाच.

गाडी पक्क्या सपाट जागी घ्या. जमिनीवर राहणाऱ्या तिन्ही चाकांना पुढून-मागून ओट (अडकणाचे ठोकळे) लावा. मागचं एकच चाक उचला आणि एक्सलखाली घोडा (लोखंडी टेकू) लावा. नुसत्या जॅकवर विसंबू नका. मऊ मातीत जॅक कलंडून गाडी खाली बसलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे, तेव्हा खाली कुणी नव्हतं म्हणून निभावलं. मग गाडी न्यूट्रलला आणि हँडब्रेक सोडलेला. टायरवर एक, प्रोपेलर शाफ्टवर एक अशा खडूच्या रेघा मारा.

आता चाक हाताने वीस फेरे फिरवा आणि सोबत्याला बाजूला बसून शाफ्टचे फेरे मोजायला सांगा. वीसच का? दुसरं चाक जमिनीवर अडकलेलं असताना उचललेल्या चाकाचे दोन फेरे म्हणजे क्राऊनचा एक फेरा. म्हणजे तुमच्या क्राऊनचे दहा झाले. शाफ्ट ४१ वेळा फिरला तर ४.१, सदतीस आणि वर पाव फेरा झाला तर ३.७३. दोनच फेऱ्यांवर भागवलं तर पावणेचार की चार, हे डोळ्यांना नीट कळत नाही. मी वीस खडे घेऊन बसतो, फेऱ्याला एक खडा बाजूला. त्यामुळे मोजणी चुकत नाही.

३.७३ निघालं तर मीटर दुरुस्त करत बसू नका. त्याने घाट सोपा होणार नाही. दहा-एक्केचाळीसची पूर्ण जोडी टाका. दुकानदार नुसतं पिनियन स्वस्तात देतो म्हणाला तरी घेऊ नका. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. जुना क्राऊन आणि नवं पिनियन एकत्र बसवलं की थोड्याच दिवसांत मागून हुंकार सुरू होतो. आणि जोडी हातात आली की बसवण्याआधी दाते स्वतः मोजा.