मोस्तारला पाठवू का मुलीला?

प्रश्न : ताई, मुलीला बोस्नियातल्या मोस्तारच्या युनायटेड वर्ल्ड कॉलेजात प्रवेश मिळालाय. आपल्या मुळशीतल्या महिंद्रा कॉलेजच्याच साखळीतलं हे कॉलेज. सासूबाई हटून बसल्यात, ‘लढाईत दोन तुकडे झालेल्या गावात पोरीला धाडतेस?’ तुमचा भाचा तिथे शिकला ना? तिथली मुलं खरंच एकमेकांशी बोलत नाहीत?
– एक आई, कोथरूड

उत्तर : पाठवा. सासूबाईंना सांगा, १९९२ला सुरू झालेलं ते युद्ध १९९५मध्ये संपलं. गावाचे दोन तुकडे झाले हे मात्र त्यांचं खरं आहे. १९९३मध्ये कॅथलिक क्रोएट आणि बोस्नियाक मुसलमान इथे एकमेकांवर उलटले, तेव्हाची लढाईची आघाडी म्हणजे ‘बुलेवार’ हा हमरस्ता. आजही ढोबळमानाने पश्चिमेला क्रोएट, पूर्वेला बोस्नियाक. फुटबॉलसुद्धा वाटून घेतलेला : क्रोएटांचा क्लब झ्रिन्स्की, बोस्नियाकांचा वेलेझ. पुढाऱ्यांचं तर इतकं फाटलेलं, की २००८नंतर नगरपालिकेची निवडणूक झाली ती थेट २०२०मध्ये!

मुलांना वेगळं ठेवायची सोय मोठ्यांनीच चोख केलीय. तुमच्या लेकीचं कॉलेज ज्या जुन्या जिम्नॅशियमच्या (तिकडे जिम्नॅशियम म्हणजे माध्यमिक शाळा) इमारतीत भरतं, तिथेच गावची शाळाही आहे. २००४मध्ये तिचा कारभार एक झाला, पण अभ्यासक्रम दोनच राहिले. एकाच छपराखाली क्रोएट मुलांचा वर्ग वेगळा, बोस्नियाक मुलांचा वेगळा. मग पोरांनी भेटायचं कुठे? एका मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी तिथे राहून लिहून ठेवलंय : मधल्या सुट्टीत, शाळेच्या स्वच्छतागृहात, चोरून सिगारेट ओढताना. (सिगारेटची वकिली करत नाहीये हो मी!) वर्गात जे जमू दिलं नाही ते पोरांनी तिथे जमवलं. माझ्या मते त्या शाळेतला सगळ्यात शहाणा तास तोच. २००५मध्ये तर गावातल्या तरुण मंडळींनी बागेत चक्क ब्रूस लीचा पुतळा उभा केला. दोन्हीकडच्यांचा लाडका, आणि कुठल्याच बाजूचा नाही!

स्थानिक पोराचं नाव ऐकलं की बाजू कळते, त्यामुळे पलीकडे जाताना तो बिचकतो. आपल्या मुलांना ती अडचण नाही. भाचा दोन्हीकडे हिंडायचा, दोन्हीकडे कॉफी प्यायचा. कॉलेजात बोस्नियाक, क्रोएट, सर्ब अशी सगळीच मुलं असतात, तेव्हा मुलीला मैत्रिणी मिळतील.

काळजीच करायची तर दुसरी करा. डोंगरात पायवाट सोडायची नाही. बोस्नियात अजून सुरुंग आहेत, लाल पाटीवर कवटी दिसली की मागे फिरायचं. आणि ‘काचेची बँक’ नावाची एक ओसाड उंच इमारत आहे, युद्धात तिच्यावरून नेम धरून गोळ्या झाडायचे. आता पोरं चढतात फोटो काढायला. धड कठडे नाहीत. भाचाही चढला होता, हे मला त्याच्या फोटोंवरून कळलं. तुमची लेक ‘नाही गं आई’ म्हणाली, तरी फोटो बघत जा.