हिरड्यातून रक्त येतं, ब्रश करणं बंद करू का? आई म्हणते मिश्री लाव

बंद अजिबात करू नका. रक्त येतंय म्हणून लोक तेवढी जागा सोडून घासतात अन् तिथंच घाण साचून हिरडी अजून सुजते. दातावरचा चिकट थर रोज निघाला नाही तर त्याचा पिवळा दगड होतो, मग तो ब्रशनं निघत नाही, डॉक्टरकडं क्लीनिंगच करावं लागतं. आमच्या लातूरकडं सगळे म्हणतात क्लीनिंगनं दात हलतात, मी पण ह्याच भीतीनं चार वर्षं गेलो नाही. खरं तर दात आधीच ढिले झालेले असतात, दगडानं धरून ठेवल्यासारखे वाटतात एवढंच.

आईला सांगा, मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. माझ्या आजीचं बोट काळं पडलेलं असायचं मिश्रीनं, अन् पन्नाशीतच खालचे पुढचे दात गेले. तंबाखूनं हिरडीचं रक्त कधी कधी उलट कमी दिसतं, त्यामुळं वाटतं बरं झालं, आतून मात्र सडणं चालूच.

सॉफ्ट ब्रश, फ्लोराइडची पेस्ट, दोन मिनिटं, रात्री झोपताना तर नक्कीच. ब्रश हिरडीकडं थोडा तिरका धरा, जोर लावू नका, भांडी घासायची नाहीत. रोज नीट घासूनही दोन आठवड्यात रक्त थांबलं नाही तर दाखवा अन् एकदा शुगर पण चेक करा, शुगर वाढलेली असली की हिरड्या लवकर बिघडतात. पैशाचं टेन्शन असेल तर संभाजीनगरला सरकारी डेंटल कॉलेज आहे, फक्त सकाळी लवकर जाऊन नंबर लावा.