घरभेटीला निघण्याआधी

सोसायटीत आलास, बरं झालं. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी ही गरिबांना मदत करणारी कॅथलिक संस्था 1833 मध्ये पॅरिसात फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या विद्यार्थी मित्रांनी सुरू केली, तेव्हापासून घरभेट, म्हणजे गरजू कुटुंबांना त्यांच्या घरी जाऊन भेटणं, हेच आपलं मुख्य काम. नेहमी जोडीनं जायचं. दारातच पिशवी देऊन मागे फिरू नकोस. आत बस, चहा केला तर घे. घरात साखर बेताचीच दिसली तरी घे. नको म्हणालास की देणारा फक्त तूच उरतोस. काय हवंय ते त्यांनाच विचार, यादी आपण ठरवून न्यायची नाही. फोटो अजिबात नको, व्हॉट्सअ‍ॅपवर तर नाहीच. आणि तिथे पाहिलेलं चर्चच्या आवारात बोलायचं नाही. (आपल्याकडे हे पथ्य फारसं कुणी पाळत नाही, तू पाळ.)

आता जरा बोचेल असं. तुझ्या घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशींचा कप वेगळा ठेवलाय का, बघ. आजारी पडल्या की पगार कापता का? पोप लिओ तेरावे यांनी 1891 मध्येच कामगाराच्या न्याय्य मजुरीबद्दल मालकांना बजावलं होतं. मजुरी म्हणजे दान नव्हे. हे घरात आधी बोल, मग रविवारी मिस्सानंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) थांब. पहिल्या घरी मी येतो सोबत.